दयेची तीन पावलं

मॅलकी टूहीचा फोन आला तेव्हा मी बटाटे सोलत होते. रविवार, चर्च सुटून गेलेलं, बाहेर दलदलीवरून धुकं यायला लागलेलं.

"डिम्पना, आज फेरीला कोण कोण आहे?"

"अमेरिकेतला एक म्हातारा, डब्लिनची एक शिक्षिका, आणि आपल्यातले एकदोघं. का रे?"

"लिशीनकडे नेऊ नकोस त्यांना."

"का?"

"शेत माझं आहे ते. उद्या जेसीबी यायचाय. कोणी खड्ड्यात पडलं म्हणजे माझ्या डोक्याला ताप."

"अजून खणलंच नाहीस, तर खड्डे कसले रे?"

यावर तो म्हणाला, "तुझं तोंड एक दिवस तुला नडणार आहे," आणि फोन ठेवला. माझं तोंड मला शाळेपासून नडतंय. त्यासाठी मॅलकीने वेगळं सांगायची गरज नव्हती.

ही फेरी माझी आहे. गावचा इतिहास, पायी. मी चौदाव्या वर्षी शाळा सोडली, मासे साफ करायच्या कारखान्यात लागले, आणि जे काही शिकले ते म्हाताऱ्या माणसांच्या चुलीपुढे बसून. दर रविवारी दुपारी मी लोकांना आमच्या क्लूनगार गावातून फिरवते. जमीनदाराची भिंत दाखवते, जी दुष्काळात उपाशी माणसांकडून एका भाकरीवर बांधून घेतली. लोहाराची पडकी भट्टी दाखवते. आयरिश बोलल्याबद्दल पोरांना जिथे झोडायचे ती शाळा दाखवते. मॅलकी आमच्या गाव-समितीचा अध्यक्ष, दुकान त्याचं, जमिनी विकायचा धंदाही त्याचा. त्याला हे सगळं आवडतं. भिंत आवडते, भट्टी आवडते, मारकुटा मास्तर तर फारच आवडतो. दुसऱ्याने केलेलं पाप दाखवायला आमच्या गावाची कधीच हरकत नसते.

आणि लिशीन आमचं स्वतःचं पाप. म्हणून ते फेरीत नव्हतं.

गल्लीच्या टोकाला ते शेत आहे. काटेरी झुडपं, एक वाकडं हॉथॉर्नचं झाड, भोवती दगडी गडगा. बाप्तिस्मा होण्याआधी जी मुलं गेली, ती तिथे पुरली. चर्चच्या मातीत त्यांना जागा नव्हती. पाणी डोक्यावर पडलं नाही म्हणून ती ना स्वर्गात, ना नरकात, मधल्याच कुठल्या अंधाऱ्या ठिकाणी, असं आम्हाला शिकवलं. पुढे कधीतरी वरच्या धर्मगुरूंनीच सांगून टाकलं की त्या मधल्या ठिकाणाचं एवढं काही खरं धरू नका. बरं. मग आमची पोरं इतकी वर्षं कुठे उभी होती?

पुरायची रीत अशी. मूल गेलं की बापाने पेटी करायची. दिवे लागायच्या वेळी एकट्याने ती काखेत घेऊन निघायचं, खांद्यावर फावडं. पाद्री नाही, घंटा नाही, बाई तर नाहीच. आईने जागा विचारायची नाही, बापाने सांगायची नाही. वर एक पांढरी गारगोटी ठेवायची आणि घरी येऊन गुरांबद्दल बोलायचं.

म्हणून नकाशात तिथे काही नाही. मी जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन आले होते. तिथला माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "बाई, नोंद नाही. कोणी येऊन एक जागा दाखवू दे, माझं अमुक इथे आहे म्हणू दे, मी काम थांबवतो." मी गावातली दारं ठोठावली. प्रत्येक दारात चहा मिळाला. जागा कोणी दाखवली नाही.

फक्त उना हेशनने चहा दिला नाही. ती म्हणाली, "दाखवायला मला माहीत तर पाहिजे."

* * *

फेरी चौरस्त्यावरून सुरू होते. उना आधीच येऊन उभी होती. पंच्याऐंशीच्या पुढची बाई, काळा कोट, हातात काठी, पायात नवऱ्याचे गमबूट. आजवर ती माझ्या फेरीला कधी आली नव्हती.

"उना, अगं केवढं धुकं आहे. पाय नीट टाकशील ना?"

"पाय माझे आहेत, डिम्पना. तू तुझं तोंड सांभाळ."

"आज दोघांनी मिळून तेवढंच सांगायचं ठरवलंय का? मॅलकीनेही सकाळी हेच सांगितलं."

"मग मॅलकी आयुष्यात एकदा तरी बरोबर बोलला." ती जवळ आली. तिच्या श्वासाला पेपरमिंटचा वास होता. "उद्या यंत्र येतंय ना?"

"हो."

"तर मला आज कळलं पाहिजे. कुठे ठेवलाय तो. मला दगड नको, पाटी नको. फक्त कुठे."

तिचं पहिलं मूल. मुलगा, असं सुइणीने सांगितलं, उनाने त्याला पाहिला नाही. रडलाच नाही, म्हणून पाण्याचे दोन थेंबही कोणी टाकले नाहीत. तिच्या नवऱ्याने, पॉरिकने, देव त्याला विश्रांती देवो, चहाच्या खोक्याच्या फळ्या ठोकून पेटी केली आणि घेऊन गेला. पुढे दरवर्षी ऑक्टोबर सरताना एका संध्याकाळी तो म्हणायचा, गाय बघून येतो. त्या बाजूला त्यांची गाय कधीच नव्हती. ती विचारायची नाही. तो मेला तेव्हाही तिने विचारलं नाही, कारण खोलीत पाद्री होता.

तेवढ्यात मॅलकी आला. उंची कोट, चकचकीत बूट. चालताना त्याचा डावा खांदा वर असतो, जणू सतत कोणीतरी कानात काही सांगतंय.

"मिसेस हेशन," तो टोपीला हात लावत म्हणाला, "तुम्ही कशाला त्रास घेतलात? एवढ्या थंडीत?"

"तुझ्या आईचं सांग मॅलकी, ती कशी आहे."

"बरी आहे. खुर्चीतच असते."

"खिडकीतून सगळं दिसतं तिला अजून?"

मॅलकी माझ्याकडे वळला. म्हणाला, "मी पण येतोय आज. अध्यक्ष म्हणून. वाट चुकू नये कोणी."

त्याला कशावर पहारा द्यायचा होता ते मला कळत होतं. मी म्हटलं, ये बाबा, रस्ता सरकारचा आहे.

अमेरिकन म्हातारा बॉस्टनहून आलेला, गळ्यात कॅमेरा, आजोबा इथले असं सांगणारा. सगळ्यांचेच आजोबा इथले असतात. शिक्षिकेचं नाव ऑर्ला, चटपटीत मुलगी, खूप प्रश्न विचारणारी. बाकी आमच्यातले दोघं, जे पावसात दुसरं काही करायला नसलं की येतात.

चौरस्त्यावर मी नेहमी एक गंमत करते. म्हणजे ती गंमत होती, त्या दिवसापर्यंत.

"आमच्याकडे," मी सांगायला लागले, "रस्त्यात प्रेतयात्रा समोरून आली, तर तुम्ही कितीही घाईत असा, थांबायचं. वळायचं. आणि तिच्या बरोबर तीन पावलं चालायची. दयेची तीन पावलं म्हणतात त्याला. मेलेला ओळखीचा असो नसो. भटका असो, वैरी असो. तीन पावलं चाललात की तुम्ही सुटलात, आपल्या वाटेने जा."

"आणि नाही चाललं तर?" ऑर्लाने विचारलं.

"ज्या प्रेताबरोबर तुम्ही चालला नाहीत, ते तुमच्याबरोबर चालतं."

ती हसली. अमेरिकन म्हणाला, "करून दाखवा ना."

म्हणून मी सगळ्यांना चर्चकडे तोंड करून उभं केलं. म्हटलं, समजा तिकडून यात्रा येतेय. आता वळा. सगळे वळले. तोंड गल्लीकडे झालं, लिशीनच्या गल्लीकडे. हे मी मुद्दाम केलं नव्हतं. त्या चौरस्त्यावर चर्चकडून वळलं की दुसरं तोंड तिकडेच होतं. इतकी वर्षं मी दुकानाकडे तोंड करून उभी करायचे लोकांना, त्या दिवशी दुकानासमोर मॅलकीची गाडी उभी होती.

"एक," मी म्हटलं. पाऊल पडलं. "दोन."

ऑर्ला खिदळत होती. आमच्यातला एकजण म्हणाला, "डिम्पना, मला थोडं रडू पण का?" मॅलकी बाजूला हाताची घडी घालून उभा. "मी असल्या पोरकटपणाला आलेलो नाही," म्हणाला.

"तीन."

आणि हसणं थांबलं. का ते कोणालाच सांगता आलं नसतं. बूट वाजले होते सगळ्यांचे एकदम, आणि त्यात एक आवाज मागे राहिला. रेतीवर पाय जरा ओढल्यासारखा.

उनाने माझा दंड धरला.

"ही यात्रा कोणाची होती?" तिने विचारलं. हळू. इतरांना ऐकू गेलं नाही.

"अगं कोणाची नाही. खेळ आहे."

"खेळ नाही," ती म्हणाली.

* * *

जमीनदाराची भिंत झाली, भट्टी झाली. धुकं इतकं दाट झालं की भट्टीच्या आत उभं राहून मी बाहेरचं शेड आठवणीने सांगत होते. मग शाळेकडे वळायच्या ठिकाणी मी वळले नाही. सरळ गल्लीत शिरले. मागून मॅलकीचे बूट घाईत आले.

"डिम्पना, शाळा तिकडे आहे."

"माहीत आहे. तिथे मी मार खाल्लाय."

"मी तुला सांगितलंय."

"तू सांगितलंस, मी ऐकलं. ऐकणं आणि मानणं एक नसतं, मॅलकी. तुझ्या दुकानात उधारी मागतोस तेव्हा तुलाही कळतं ते."

गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंनी गडगे, मध्ये गवताची पट्टी. आम्ही एकामागे एक चालत होतो. पुढे मी, माझ्या दंडाला उना, मागे बाकी. आणि तेव्हा अमेरिकन म्हाताऱ्याने मागून विचारलं, "पुढे चाललेला तो तुमचाच माणूस का?"

"कोण पुढे?"

"तो, जुना कोट घातलेला. वेष अगदी झकास जमलाय हं. कमरेला सुतळीसुद्धा."

मी पाहिलं. आमच्या पुढे, धुक्यात जिथवर दिसत होतं त्याच्या काठावर, एक माणूस चालला होता. पाठमोरा. तपकिरी ओव्हरकोट, कमरेला पेंढ्या बांधायची सुतळी. खांद्यावर फावडं. डाव्या काखेत काहीतरी होतं, कोटाचं टोक त्यावर ओढून घेतलेलं, जसं पावसात वर्तमानपत्र झाकतात. तो वळणावर दिसेनासा व्हायचा आणि आम्ही वळलो की तितक्याच अंतरावर असायचा.

पहिल्यांदा वाटलं मॅलकीने कोणाला तरी फाटक बंद करायला पाठवलंय. मागे वळून विचारलं, "हा तुझा माणूस का रे?"

मॅलकीने पुढे पाहिलं. "कोण? कोणीही नाहीये."

"हा काय!"

"डिम्पना, पर्यटकांसमोर नाटकं नकोत." आणि तो खरंच त्या माणसाच्या पाठीवरच डोळे लावून बोलत होता. नजर त्याच्यातून आरपार जात होती.

ऑर्लाने माझ्याकडे पाहिलं. तिला दिसत होता. अमेरिकनला दिसत होता. आमच्यातल्या दोघांनी टोप्या काढून हातात घेतल्या होत्या आणि ते त्यांच्या लक्षातही नव्हतं. ज्यांनी तीन पावलं टाकली होती त्या सगळ्यांना तो दिसत होता.

उना चालत राहिली. तिची बोटं माझ्या दंडात रुतली होती.

"उजवा पाय ओढतो तो," ती म्हणाली. "गवताच्या गंजीवरून पडला होता लग्नाच्या वर्षी. मी त्याला म्हणायचे, तू आलास हे कुत्र्याआधी मला कळतं."

मी तिच्या पावलाशी पाऊल जुळवलं.

"मी अंथरुणात होते," ती पुढे म्हणाली, जशी चूल पेटवताना बोलावी तशी. "उठायची परवानगी नव्हती. पाद्री येऊन शुद्ध करेपर्यंत विहिरीवरही जायचं नाही, असा नियम होता. पण खिडकी होती. पॉरिक पेटी घेऊन चौरस्त्यावर आला तो मला दिसला. तिथे पुरुष उभे होते, नेहमीचे, विड्या ओढत. डिम्पना, भटक्याची शवपेटी गेली असती तर त्यांनी टोप्या काढल्या असत्या. तीन पावलं चालले असते. कुत्र्याबरोबरसुद्धा चालले असते. पॉरिकला बघून सगळे वळले आणि गडग्याकडे तोंड करून उभे राहिले. दिसलंच नाही, असं. तीच रीत होती. पेटी घेऊन जाणारा बाप ही प्रेतयात्रा धरायची नाही. तो एकटा गेला. एकानेही एक पाऊल टाकलं नाही."

"कोण होते ते?"

"सगळे. याचा बाप सगळ्यांत आधी वळला." तिने काठी मागे मॅलकीच्या दिशेने हलवली.

मॅलकीने ते ऐकलं. "आता पुरे झालं," तो ओरडला आणि आमच्या रांगेला ढकलून पुढे घुसला. पुढच्या माणसाच्या अगदी बाजूने, त्याच्या आणि आमच्या मधून, आडवा गेला. आमच्याकडे प्रेतयात्रेला आडवं जात नाहीत. लहान पोरालाही ते कळतं. मॅलकीला कळलं नाही, कारण त्याच्यासाठी तिथे काही नव्हतंच. तो धावत फाटकापाशी पोचला, त्यावरून आत उडी मारली, आणि धुक्यातून त्याचा आवाज आला, "एकाने जरी आत पाय ठेवला तर मी पोलीस बोलावीन! शेत माझं आहे!"

पुढचा माणूस फाटकातून आत गेला. फाटक उघडलं नाही. तो गेला मात्र.

* * *

मी साखळी काढली. आम्ही आत शिरलो.

लिशीनमध्ये मी लहानपणापासून कधी गेले नव्हते. आमच्यातलं कोणीच जात नाही. आत आवाज वेगळा होता, म्हणजे नव्हताच. पक्षी नाही, दूरच्या रस्त्याची घरघर नाही. फक्त कुठेतरी मॅलकी.

"डिम्पना! फाटक कुठे गेलं?"

"तुझ्या मागेच आहे, आता तर उडी मारलीस."

"नाहीये! इथे गडगाच आहे!"

आवाज डावीकडून आला. थोड्या वेळाने उजवीकडून, लांबून. मग पुन्हा डावीकडे. तो गडग्याला धरून गोल गोल फिरत होता, स्वतःच्या शेतात, आणि त्याला फाटक सापडत नव्हतं. आमच्याकडे याला नाव आहे, चकव्याची माती. त्यावर पाय पडला की माणूस आपल्याच वावरात हरवतो. आणि उपायही सगळ्यांना माहीत आहे.

"कोट उलटा घाल, मॅलकी!" मी ओरडले. "अस्तर बाहेर काढ!"

"गेली खड्ड्यात तुझी ती भोंदूगिरी!"

"अरे, खड्डे अजून खणलेसच कुठे?"

तो शिव्या देत राहिला. मग शिव्या थांबल्या. मग तो वेगळ्याच आवाजात म्हणाला, "कोण आहे? माझ्या मागे कोण चालतंय?"

आम्ही सगळे एका जागी उभे होतो. कोणीही चालत नव्हतं.

"पाय ओढतंय कोणीतरी," मॅलकी म्हणाला. "डिम्पना, हे थांबव. मी सांगतोय थांबव."

मी थांबवणारी कोण? माझ्या मनात त्याच्यासाठी दया होती असं मी लिहिणार नाही. नव्हती.

उनाने माझा हात सोडला होता. ती हॉथॉर्नच्या दिशेने चालली होती, काठी न टेकता. झाडाखाली तो माणूस गुडघे टेकून बसलेला दिसला, एवढासा, धुक्यात कोरल्यासारखा. मग फावड्याचा आवाज आला. खच्. ओल्या मातीत पातं शिरतं तसा. पुन्हा. पुन्हा. ऑर्ला रडायला लागली आणि तिने तोंडावर हात दाबून धरला. अमेरिकनने कॅमेरा उचलला, डोळ्यापर्यंत नेला, आणि खाली घेतला. त्याचे आजोबा खरोखर इथले असावेत.

मग एक बारीक आवाज. दगडावर दगड ठेवल्याचा.

आणि काही नाही.

आम्ही पोचलो तेव्हा झाडाखाली कोणी नव्हतं. माती खणलेली नव्हती. इतक्या वर्षांचं शेवाळ, वर काट्यांची जाळी. उना एका जागी उभी होती आणि पायाखाली बघत होती.

"इथे," ती म्हणाली.

मी गुडघ्यावर बसले. काटे हातांनी ओढले, शेवाळ नखांनी खरवडलं. खाली गारगोटी होती. पांढरी, अंड्याएवढी, एका बाजूला सपाट. कोणीतरी ओढ्यातून निवडून आणलेली. उनाने ती हातात घेतली नाही. नुसता हात ठेवला वर, ताप बघतात तसा.

"नाव ठेवायचं राहिलं होतं," ती म्हणाली. "फिंटन ठेवणार होते. माझ्या मनातच होतं, कोणाला सांगितलं नव्हतं." मग मोठ्याने, जसं मुलाला जेवायला हाक मारतात, "फिंटन हेशन!"

धुकं हललं नाही, वारा सुटला नाही. तसलं काही झालं नाही. पण मॅलकीच्या मागची पावलं थांबली असावीत, कारण त्याचा आवाज एकदम थांबला. आणि आमच्यातल्या एकाने खाली बघत हळूच म्हटलं, "डिम्पना, हे बघ. इथे पण." मग ऑर्ला म्हणाली, "इथेही आहे." एकदा डोळ्याला कळलं काय शोधायचं, की सगळीकडे तेच दिसायला लागलं. शेवाळाखाली पांढरे उंचवटे, झाडापासून गडग्यापर्यंत, ओळींनी. कुठे पाय ठेवावा कळेना. आम्ही आल्या पावलांवर पाऊल ठेवून, एकमेकांचा हात धरून बाहेर आलो.

फाटकाला टेकून मॅलकी उभा होता. चेहरा पिठासारखा. उंची कोट उलटा घातलेला, लाल रेशमी अस्तर बाहेर, खिशांच्या पिशव्या लोंबत.

कोणीही हसलं नाही.

"ती झुडपांची बाजू," तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई आम्हाला तिथे गुरं नेऊ द्यायची नाही. लहानपणी. मार द्यायची."

"मग तुला माहीत होतं."

"मला काहीच माहीत नव्हतं."

"गुरं कुठे न्यायची नाहीत हे माहीत होतं, आणि जेसीबी कुठे आणायचा हेही माहीत होतं," मी म्हटलं. "अजून काय माहीत असायला लागतं, मॅलकी?"

* * *

दुसऱ्या दिवशी जेसीबी आला. चालवणारा बाजूच्या गावचा, तोंडात विडी, घाईत. फाटकापाशी उना खुर्ची टाकून बसली होती, मांडीवर थर्मास. तो उतरला, आत गेला, हॉथॉर्नपर्यंत चालला. परत आला तेव्हा विडी विझलेली होती. म्हणाला, "जगातली कोणतीही जमीन खणीन. ही नाही. दुसरा आणायचा तर आणा, पण त्याला आधी सांगा." आणि यंत्र मागे घेऊन गेला. उनाने त्याला चहा दिला होता. तिने कचेरीतल्या माणसालाही जागा दाखवली, नाव सांगितलं, आणि काम थांबलं. तिला हवं होतं ते मिळालं होतं. मला वाटलं संपलं.

पण शनिवारी तिने मला बोलावलं. "बाकीच्यांचं काय?" म्हणाली.

"कोणाचं?"

"पॉरिक गेला. तीन पावलं मिळाली, गेला. मी रोज खिडकीत बसते, डिम्पना, मला कळतं. पण गल्ली अजून रिकामी नाही."

रविवारी पर्यटक कोणीच नव्हते. धुकं मात्र होतं. मी आणि उना चौरस्त्यावर उभ्या राहिलो. मला वाटलं आपण दोघीच. मग चर्चच्या बाजूने एक दार उघडल्याचा आवाज आला. मग दुसरं. म्हाताऱ्या बाया यायला लागल्या. ज्यांनी मला चहा दिला होता आणि जागा दाखवली नव्हती, त्या. चांगले कोट, डोक्याला रुमाल. एकमेकींकडे बघत नव्हत्या. कोणी कोणाला काही विचारलं नाही.

सगळ्यांत शेवटी चाकाची खुर्ची आली. त्यात मॅलकीची आई, कन्सेप्टा टूही, अंगावर शाल. खुर्ची मॅलकी ढकलत होता. तो पुन्हा नीट कोट घालून आला होता.

"मॅलकीच्या आधीचे दोन," कन्सेप्टा म्हणाली, कोणी विचारलं नसताना. आवाज कोरडा होता. "दोन्ही वेळेला याचा बापच घेऊन गेला. आणि दोन्ही वेळेला गाव गडग्याकडे तोंड करून उभं राहिलं. मग दुसऱ्यांची पेटी आली तेव्हा तो त्यांच्यात जाऊन उभा राहिला. मी त्याला त्याबद्दल कधी माफ केलं नाही. वळव मला, मॅलकी."

"आई, थंडी आहे—"

"वळव म्हटलं ना."

त्याने खुर्ची वळवली. आम्ही सगळ्या वळलो. मी मोजणार होते, पण माझ्याआधी उनानेच तोंड उघडलं, आणि तीन पावलं पडली, बुटांची, काठ्यांची, आणि चाकांची करकर.

समोर गल्लीत एक माणूस चालला होता. डोक्यावर टोपी, काखेत पेटी. डावा खांदा वर, जणू सतत कोणीतरी कानात काही सांगतंय.

मॅलकीला आता दिसत होतं. त्याने खुर्चीची मूठ घट्ट धरली होती.

"माझ्याकडे बघू नकोस, डिम्पना," तो म्हणाला.

मी त्याच्याकडे बघतच नव्हते. मी गल्लीच्या तोंडाशी बघत होते. तिथे, गडग्याला लागून, आणखी एकजण थांबला होता, कोटाखाली काही झाकून. त्याच्या मागे आणखी एक. धुक्यात जिथवर नजर जात होती तिथवर ते उभे होते, कोणी पुढे घुसत नव्हतं, आणि एकेकाची मान आमच्या दिशेने वळत होती.

उनाने काठी बदलून दुसऱ्या हातात घेतली.

"पुन्हा वळा गं," ती बायांना म्हणाली. "अजून आहेत."